बनशंकरीची हवा आणि कारवारचे पंखे

कोणत्याही राज्याचं हवामान समुद्र, डोंगर आणि घरातला कर्ता पुरुष या तीन गोष्टींवर ठरतं. कर्नाटकाला समुद्र आहे, सह्याद्री आहे, आणि बेंगळुरातल्या बनशंकरीत शेषगिरीराव आहेत.

शेषगिरीराव म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेल्या मराठी घराण्यातले, निवृत्त बँक अधिकारी. त्यांचा सिद्धांत सरळ होता. समुद्रावरचा वारा घाटात आपलं ओझं, म्हणजे पाऊस, उतरवतो. मग हलका होऊन तीन हजार फूट चढतो आणि थेट त्यांच्या गॅलरीत येतो. (मधल्या जिल्ह्यांत तो थांबत नाही. त्यांचं नशीब.) सबब, घरात पंखा नाही. छताला हूकसुद्धा नाही. "बेंगळुरात पंखा लावणं म्हणजे लग्नाच्या पंगतीला घरून डबा नेणं," असं ते म्हणत, आणि शंभरातले शंभर पाहुणे माना डोलावत. (मानेचा घाम पुसताना ती तशीही हलतेच.)

या एप्रिलात त्यांच्या पत्नीला, विमलाताईंना, स्वयंपाकघरात घेरी आली. ओटा धरला म्हणून वाचल्या. डॉक्टर म्हणाले, पंखा लावा. शेषगिरीरावांनी डॉक्टर बदलला. दुसराही तेच म्हणाला. पण तो बाहेरगावचा निघाला, त्यामुळे त्याचं मत धरलं नाही.

"अहो, जीव जाईल हो माझा!"

"स्वल्प थांब, विमला. संध्याकाळी वारं सुटेल."

संध्याकाळी वारं सुटलं नाही. कारवारची बस सुटली, आणि तीत विमलाताई होत्या. त्यांची धाकटी बहीण सुप्रीता तिथे राहते. एप्रिलात थंडाव्यासाठी कारवार गाठणारी ही राज्यातली पहिलीच बाई असावी. तिथली हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटते. पण तिचा कुणाला अभिमान नाही, म्हणून खोलीखोलीत पंखे आहेत.

आठवडाभर स्वतःच्या हातचा करपलेला भात खाऊन शेषगिरीरावांनी फोन केला. "कधी येतेस? इथं छान गार आहे."

"मला इथं झोप लागते हो," विमलाताई म्हणाल्या. "मी नाही येत. तुमची हवा तुम्हीच खा."

फोन ठेवल्यावर शेषगिरीरावांना आपल्याच घराची भीती वाटली. ही खरंच आली नाही तर?

दुसऱ्या दिवशी ते चिकपेटच्या बाजारातून पंखा घेऊन ऑटोतून उतरले, तर फाटकाशी शेजारचे प्रतापराव उभे.

"काय अण्णा, पंखा?"

"आमची ही किनाऱ्यावरून येतेय ना. तिला तिकडची सवय लागली."

प्रतापरावांनी दमट प्रदेशातल्या लोकांची मनापासून कीव केली आणि आपल्या एसीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

छताला हूक ठोकून पंखा लागला, तसा कारवारला फोन गेला, आणि विमलाताई परतल्या. पंखा बघून कानडीत "सरी", म्हणजे "बरं", एवढंच म्हणाल्या, पण डोळे भरून आले. हल्ली शेषगिरीरावही पंख्याखाली झोपतात, केवळ सोबत म्हणून.

अशा माणसांना हसावं तेवढं थोडंच. तुमच्या गावाची गोष्ट वेगळी. तिथली हवा खरोखरच चांगली आहे. परवा तुम्ही फोनवर सांगत होतात ना. तुमच्या मागे पंखा घरघरत होता, म्हणून आम्हाला अर्धंच ऐकू आलं.