शून्याच्या डावीकडे

कुडपणच्या अंगणवाडीतल्या वजनकाट्यावर कोणी उभे नसते, तेव्हा त्याची सुई शून्यावर नसते. ती शून्याच्या डावीकडे, साधारण चार बोटांवर थांबलेली असते. स्प्रिंग सैल झालेली नाही. खालची जमीनही सपाट आहे. काट्यात कोणताही दोष नाही. गावकीने त्याला एकमताने तिथे नेऊन ठेवले आहे.

याला कारण महिपती. मुंबईच्या एका कँटीनमध्ये उमर काढून तो गावी परतला, तेव्हा साखर, गुडघेदुखी आणि पोट एवढे बरोबर घेऊन आला. 'सडसडीत तालुका अभियाना'ने त्याला आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केले. भूक गेली, मागोमाग पोट गेले, साखर उतरली आणि महिपती नाचणीच्या वावरात पुन्हा उकिडवा बसू लागला. वजन एकाहत्तर किलोवर आले, तेव्हा अभियानाने गावच्या फाट्यावर त्याचा फोटो लावला. खाली ऑइलपेंटने लिहिले : 'आदर्श लाभार्थी, कुडपण. वजन ७१ किलो.'

त्याच दिवशी इंजेक्शन बंद झाले. उद्दिष्ट गाठलेल्या माणसाला औषध देणे हा नियमानुसार अपव्यय होता. पाऊस थांबला म्हणून घरावरची कौले उतरवून परत नेण्याइतकाच हा नियम सुसंगत होता.

भूक परत आली.

"अवो, पोटात कोन भाड्यानं ठेवलाय काय?" चौथी भाकरी वाढताना बनुबाईने नवऱ्याला विचारले.

महिपती महाडला गेला. डॉक्टर प्रियदर्शिनींनी त्याला नीट तपासले.

"औषध थांबलं की भूक परत येते, काका. त्यात तुमचा दोष नाही. साखरही चढली आहे. पुन्हा सुरू करायला हवं." मग त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिले. "पण तुम्ही एकाहत्तर किलोचे आहात."

"मॅडम, आता तुमच्या काट्यावर चौऱ्याऐंशी भरलो की."

"काटा माझा आहे. एकाहत्तर अभियानाचे आहेत. त्यांनी दुरुस्ती केली की मी लगेच लिहून देते."

अभियानाचे समन्वयक विनीत यांनी पोलादपुरात त्याला खुर्ची दिली, पाणी दिले. "फलकाचं अनावरण झालंय, काका. अनावरण झालेला आकडा बदलता येत नाही. म्हणजे चूक काट्याची." आणि कुडपणचा काटा फलकाशी जुळवून घेण्याची सूचना त्यांनी गावाला पाठवली.

कुडपणच्या गावकीत नारळ मांडल्याशिवाय विषय काढता येत नाही, आणि नारळ मांडून बोललेला शब्द मागे घेता येत नाही. महिपती पिशवीत नारळ घालून बैठकीला गेला. पण आधी गावप्रमुख कुशाबा बोलला.

"फाट्यावर इतकी वर्सं नुसती 'पुढे वळण आहे' येवढीच पाटी होती. आता गावाचं नाव हाय. ते पुसायचं का?"

कोणालाच पुसायचे नव्हते. काट्यामागचा स्क्रू फिरवला गेला. महिपती काट्यावर चढला, एकाहत्तर भरला, टाळ्या झाल्या. नारळ पिशवीतून घरी आला आणि बनुबाईने त्याचे वाटण लावून कडव्या वालांची आमटी केली. पुढच्या बैठकीला त्याने दुसरा नारळ नेला. त्याच्या वड्या झाल्या. असा प्रत्येक नारळ न बोललेल्या शब्दासह महिपतीच्याच पोटात गेला, आणि बैठकीगणिक स्क्रू थोडा आणखी फिरवावा लागला.

काटा मात्र गावात एकच. अंगणवाडीत रखमाच्या तीन वर्षांच्या नातीला, सोनालीला, त्यावर उभे केले तेव्हा सुई शून्यापर्यंत पोचलीच नाही. वजन भरले उणे एक किलो. इतक्या कुपोषित बालकासाठी तक्त्यात रकाना नव्हता. तो नव्याने आखण्यात आला आणि गावात पौष्टिक लाडवांचा टेम्पो येऊ लागला. पोरे लाडवांना कंटाळली. म्हशींनीही तोंड फिरवले. अन्न वाया जाऊ नये म्हणून मोठ्यांनी जबाबदारी घेतली. काट्यावर मात्र सगळे सडसडीतच राहिले. शिमग्याला पालखी नाचवताना दर दोन पावलांवर खांदेकरी बदलू लागले, तेव्हा मुंबईहून आलेला हृतिक धापा टाकत म्हणाला, "देवी यंदा एकदम हेवी झालीय." यावरही एकमत झाले.

वाचकांनी हसण्यापूर्वी आपल्या घरातला काटा कोणत्या फरशीवर ठेवला आहे, ते आठवावे. कमी दाखवणारी एक फरशी प्रत्येक घरात असते.

मग विनीत स्वतः गावात आले. सोबत संगमरवरी पाटी होती : 'कायमस्वरूपी सडसडीत गाव'. गावकीने होकार दिला की पाटी बसणार होती आणि अभियान या गावापुरते समाप्त होणार होते. त्यानंतर वाढलेले वजन ग्राह्य धरले जाणार नव्हते. म्हणजे इंजेक्शन कायमचे गेले, हे महिपतीला समजले. त्याच्या पायांना एव्हाना मुंग्या येऊ लागल्या होत्या.

निघताना बनुबाईने पिशवी हातात दिली. "आज ह्यो नारळ घरी आला, तर तुमच्याच टाळक्यावर फोडीन."

बैठकीत कुशाबाने विचारले, "कुनाची हरकत?" विचारण्याचा सूर उत्तर नको असल्याचा होता.

महिपती उठला. एका दमात उठता आले नाही. गुडघ्यावर हात टेकून पुन्हा उठला. पुढे येऊन त्याने नारळ मधोमध ठेवला.

"महिपती, उचल तो," कुशाबा हळूच म्हणाला. "घरी आमटी कर जा."

"मी एकाहत्तरचा नाय," महिपती म्हणाला. "कितीचा हाय, ते ह्या गावात कळायची सोय नाय. माजी साकर चढलीय. मला औषद पायजे."

मागे कोणीतरी फिसकन हसले.

महिपतीने वळून पाहिले. "काटा शून्यावर आना. पयला मी चढतो. माज्यामागं, जो हसला तो."