नाझरकाकांचं चिनी कोर्ट

इथे परदेशात, आमच्या टाकानिनी उपनगरात नवीन मराठी कुटुंब राहायला आलं की आम्ही त्यांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. दूध डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊ नका, महाग पडतं. आणि नाझरकाका समोरून आले तर चीनचं नाव काढू नका.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या भेटीत मी नुसतं "कसे आहात काका?" विचारलं, तर ते थांबले, मफलर सारखा केला आणि म्हणाले, "चीनमध्ये दुसरं अपील नाही. नोंद घ्यावी."

मी नोंद घेतली. दुसरं काय करणार?

काका कराडच्या दिवाणी कोर्टात नाझर होते. समन्स बजावायला माणसं पाठवायची, जप्त्या करायच्या, अशी सगळी धावपळ त्यांच्या टेबलावरून चालायची. आजोबांनी लावलेल्या दाव्याचं समन्स नातवाला बजावण्यात ज्याची उभी नोकरी गेली, त्याला चिनी कोर्ट म्हणजे चमत्कारच वाटणार. एकदा निकाल, त्यावर एकदाच अपील, की साधारण प्रकरण संपलं. "दोन पायऱ्या!" काका दोन बोटं दाखवून सांगायचे, तेव्हा त्यांचे डोळे खरोखर पाणावायचे. न्यायाधीशाच्या शेजारी काही खटल्यांत साधी माणसं बसतात आणि त्यांनाही मत असतं, हे सांगताना तर ते फुटपाथवर उभे राहून मला चक्क न्यायाधीशाच्या जागी उभं करायचे आणि स्वतः साधा माणूस व्हायचे.

हे सगळं ज्ञान शेजारच्या पापाकुराच्या लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकातलं. चिनी कायद्याची तोंडओळख करून देणारं. काका दरवर्षी सहा महिने मुलाकडे, संजयकडे यायचे आणि सहाही महिने ते पुस्तक त्यांच्याच नावावर असायचं.

मी आगाऊ. एकदा विचारलंच, "काका, तिथलं कोर्ट सरकारच्या विरुद्ध निकाल देतं का हो?"

"ते तेराव्या प्रकरणात आहे," काका म्हणाले. "माझं बारावं चालू आहे."

त्यांचं बारावं दोन वर्षं चालू होतं.

या वेडाचं मूळ कुंपणापलीकडे होतं. तिथे गाओआजोबा राहायचे, तेही मुलाकडे आलेले. त्यांना इंग्रजी यायचं ते दोनच शब्द, बस ड्रायव्हरकडून उचललेले: "स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत "एकदम झकास". काकांना चिनी शून्य. फोनमध्ये एकाने बोलायचं, फोनने त्याचं काहीतरी भलतंच करायचं आणि दुसऱ्याने मान डोलवायची, असा त्यांचा संवाद तासन् तास चालायचा. गाओआजोबा गावाकडे तंटे मिटवणारे पंच होते. पंच म्हणजे अगदी सरकारी कायद्यातले. फी नाही, काळा कोट नाही. लोकांच्या घरी जायचं, चहा प्यायचा, समेट करायचा. तोंडी करारही चालतो, पंचाने वहीत लिहून ठेवला की झालं.

त्यांचा एक जुना फोटो काकांनी मला दाखवला. अंगण, समोर गाओआजोबा आणि एका बाकावर चिकटून बसलेली, रुसलेली दोन माणसं.

"वादी-प्रतिवादी एकाच बाकावर," काका हळूच म्हणाले. "आमच्या कोर्टात हे कधी सुचलं नाही कुणाला."

एका रविवारी संध्याकाळी काका माझ्या दारात आले. हातात पुस्तक.

"तू उद्या क्राइस्टचर्चला जातेस ना?"

जाणारच होते. भूकंपानंतर तिथल्या इमारती पुन्हा उभ्या करण्याचं काम माझ्या कंपनीकडे होतं आणि माझा प्रत्येक सोमवार विमानात जायचा.

"चीनमध्ये म्हाताऱ्यांसाठी कायदा आहे, त्याचं अठरावं कलम ऐक. वेगळं राहणाऱ्या घरच्यांनी म्हाताऱ्यांना वरचेवर भेटावं, खुशाली विचारावी. कायदाच आहे तसा."

काकांची मुलगी वैशाली क्राइस्टचर्चमध्येच, रिकार्टनला राहते, हे मला संजयकडून कळलं होतं. तिने आपलं आपण लग्न ठरवलं, काका लग्नाला गेले नाहीत आणि दहा वर्षं बोलणं बंद. मला वाटलं, आता हे तिला नोटीस देणार. माझं टाळकंच सरकलं.

"काका, कायद्याने माया आणता येते का?"

"तसं नाही गं." काका पायरीवरच बसले. "मुलांनी जावं असं कलम आहे. बापाने जावं असं नाही. मी सगळं पुस्तक पाहिलं." मग बराच वेळ बुटाची नाडी ओढत राहिले. "भूकंप झाला तेव्हा मी कराडहून फोन केला. पण संजयला. तिची खुशाली त्याच्याकडून घेतली. तिने दार लावून घेतलं तर काय करू? म्हणून म्हटलं, पंच घेऊन जावं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्याच रात्री काकांचं आणि गाओआजोबांचं, अशी दोन तिकिटं काढली.

सोमवारी रिकार्टनच्या त्या दारात आम्ही तिघं उभे होतो. काका टाय लावून, हातात फाइल. गाओआजोबा थर्मास आणि वही घेऊन. वैशालीने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. काकांनी फाइलमधून कागद काढला. "अर्जदार विनंतीपूर्वक..." एवढं वाचलं आणि कागद खाली घेतला.

गाओआजोबांनी तो कागद काढून घेतला, घडी करून खिशात टाकला. चपला काढल्या, वैशालीला वाकून नमस्कार केला आणि सरळ आत जाऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. समोरच्या बाजूच्या दोन खुर्च्या एकमेकींना चिकटवल्या आणि बोट दाखवलं. बापलेक मुकाट्याने बसले. मी भिंतीला टेकून उभी राहिले, मला कुणी खुर्ची दाखवली नव्हती.

"भूकंपात मी फोन संजयला केला," काका म्हणाले.

"माहीत आहे, बाबा. मी फोन हातात धरून बसले होते."

"चुकलो मी."

पुढचं मी सांगणार नाही. मला नीट दिसतही नव्हतं.

गाओआजोबा मात्र शांतपणे वहीत लिहीत होते. मी ऑफिसला निघाले तेव्हा त्यांनी ते पान फाडून काकांना दिलं आणि म्हणाले, "स्वीट ॲज."

त्या पानाचं हस्ताक्षर फोनला वाचता येईना. मी त्याचा फोटो काढून नेला आणि ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीला दाखवला. तिने दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि मला सांगितलं. मी संध्याकाळी काकांना फोन केला. ते अजून रिकार्टनलाच होते, मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"ऐका काका. तंटा कशाचा, भाषेमुळे समजलं नाही. आधी बाप रडला. मुलीने न विचारता त्याचा चहा बशीत ओतून दिला. करार तोंडी. समेट झाला."

मला वाटलं, रडल्याचं खोडून घ्यायला सांगतील.

"नोंद बरोबर आहे," काका म्हणाले. "राहू दे."