बोहनीआधी एक प्लमेट

वीर स्टेशनाबाहेर रिक्षा लावणारे आमचे शिवराम आप्पा रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक घेण्याआधी एका अनोळखी माणसाला इंग्रजीतून एक वाक्य ऐकवतात. विषय कुठलाही चालतो. त्यात ‘प्लमेट’ हा शब्द आला म्हणजे झालं.

समजा, मुंबईहून आलेला एखादा गृहस्थ बॅग ओढत बाहेर येतो. आप्पा त्याच्यासमोर उभे राहतात, खाकी शर्टाचं वरचं बटण लावतात आणि खड्या आवाजात म्हणतात, “गुड मॉर्निंग सर! माय बॅक टायर एअर प्लमेट!” गृहस्थ दचकतो आणि मागच्या रिक्षात जाऊन बसतो. हवा गेलेल्या रिक्षात कोण बसणार? खरं तर टायर टणटणीत असतो. गिऱ्हाईक गेलं तरी आप्पा खूश. “चला, बोहनी झाली,” म्हणतात.

प्लमेट म्हणजे एकदम, धाडकन खाली येणं. हे मी ठासून सांगते, कारण मी पोलादपूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. माझ्याआधी आमच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. हे इंग्रजी मला कोणी आंदण दिलेलं नाही, रॉकेलच्या वासात पाठ करून कमावलंय. त्यामुळे कोणी त्याचे असे हाल केले की मी लगेच चूक सुधारायला धावते. त्यातून आप्पांचं घर आमच्या घराला लागून. रोज त्यांच्याच रिक्षातून मी महाडला एसटी धरायला जाते. म्हणजे दिवसाची पहिली चूक माझ्याच कानावर.

उतार आला की “मॅडम, होल्ड, रोड प्लमेट!” मोबाइलची रेंज गेली की “नेटवर्क प्लमेट.” आमची कोंबडी कौलांवरून उडी मारून अंगणात आली तेव्हा तर त्यांनी मला हाक मारून बाहेर बोलावलं होतं. “बघ गो बघ! हेन प्लमेट!”

पुराचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं होतं तेव्हाची गोष्ट. लोक वरच्या मजल्यांवर अडकलेले. पाणी ओसरायला लागल्यावर आप्पा गुडघाभर चिखलातून गल्लीगल्लीत ओरडत फिरले, “वॉटर प्लमेट! वॉटर प्लमेट!” लोकांना वाटलं आणखी काहीतरी आलं. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

“आप्पा, पाणी सावकाश उतरतं. त्याला प्लमेट नाही म्हणत,” मी नंतर सांगितलं.

“उतरलं ना? मग आनंदाची बातमी सावकाश सांगू व्हय?”



त्यांची बायको, आमची सुमनकाकी, याच्याकडे ढुंकून बघत नाही. तिला मधुमेह आहे. साखर कधी चढते, कधी अचानक इतकी उतरते की बोलता बोलता घाम फुटतो आणि डोळे फिरतात. म्हणून आप्पांच्या शर्टाच्या खिशात, रिक्षात मीटरच्या बाजूला, देवाच्या फोटोमागे, सगळीकडे गुळाचे खडे. रिक्षात मुंग्या फार. पॅसेंजर कुरकुरले की आप्पा म्हणतात, “त्या पासवाल्या हायत.”

यंदा काकीच्या पायाची जखम चिघळली आणि मुंबईला ऑपरेशन करायचं ठरलं. त्यानंतर आप्पांना जोर चढला. एकाची तीन वाक्यं झाली. गड बघायला आलेल्या कोणीतरी त्यांचा व्हिडिओ काढला आणि तो स्टँडवरच्या प्रत्येक मोबाइलात पोचला. बाकीचे रिक्षावाले हाका मारू लागले, “काय प्लमेटशेठ, आज काय पाडलंत?”

मला राहवलं नाही. रिक्षात बसल्या बसल्या मी म्हटलं, “आप्पा, बंद करा आता हे. लोक हसतात.”

आप्पांनी रिक्षा कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“हसू दे. मला हसणारंच पायजे,” ते म्हणाले. “मागल्या खेपेला हिला मुंबईच्या इस्पितळात ठेवलेली. शुगर उतरत व्हती. मी बोंबलतोय, लो, लो! नर्स बोलली, थोडा लो चलता है. अर्धा तास गो! मग एक पोरसवदा डॉक्टरीण आली, मशीन बघितलं नि ओरडली, इट्स प्लमेटिंग! चार माणसं पळत आली. बाई तीच, शुगर तीच. ‘लो’ला कोण पळत नाय. त्या शब्दाला पळतात.”

मला आठवलं. मुंबईहून आल्यावर रेल्वेच्या तिकिटामागे कोणाकडून तरी लिहून घेतलेला एक शब्द आप्पांनी माझ्यापुढे धरला होता. मी अर्थ सांगितला, उच्चार तीनदा घोटून घेतला. कशाला हवाय, एवढं मात्र विचारलं नव्हतं.

“पण रस्त्यात ओरडायचं कशाला?”

“ठाऊक असून भागत नाय. टायमाला शब्द घशात अडकतो. अनोळखी माणूस, वर तो हसतोय, त्याच्या तोंडावर बोलता आलं तर डॉक्टराच्या तोंडावर येईल. तू शिकलीस तेव्हा नाय हसले तुला?”

हसले होते. वर्ग भरून हसले होते. आप्पांनी इंजिन चालू केलं.

निघायच्या दिवशी मी स्टेशनवर गेले. काकी बाकावर पाय लांब करून बसली होती, मांडीवर पिशवी. मी आप्पांना बाजूला घेतलं.

“ते मुख्य वाक्य एकदा म्हणा. मी नीट बसवून देते.”

“कुठलं?”

“काकीचं. डॉक्टरांना सांगायचं ते.”

आप्पांनी खिशातला गूळ चाचपला.

“नाय गो. टायरचं बोललो, रस्त्याचं बोललो, तुझ्या कोंबडीचं पण बोललो. तेवढं एक अजून तोंडातून काढलेलं नाय. काढायची पाळी नको यायला.”

एवढ्यात काळा गॉगल लावलेला एक पाहुणा जवळ आला. खाकी शर्ट बघून म्हणाला, “महाड चलोगे?”

आप्पांनी वरचं बटण लावलं. बाकाकडे बघितलं. काकीने कपाळाला हात लावला.

“नो रिक्षा टुडे, सर!” सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात आप्पा म्हणाले. “माय वाइफ... माय वाइफ नो प्लमेट!”

पाहुणा हसला. मी शिकलेली दिसते म्हणून माझ्याकडे बघून जरा जास्तच हसला.

“हसायला काय झालं?” मी म्हटलं. “बरोबर आहे त्यांचं इंग्रजी. मी इंग्रजीच शिकवते.”