दोन पाटांवरचा जावई

सिंहदरवाजातूनच आत जायचं, असं भवतोष हाजरानं बसमध्ये बसल्याबसल्या ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

वास्तविक सासऱ्यांनी फोनवर बजावलं होतं, "मागच्या दारानं ये. तळ्याकडच्या." दर्पनारायण सिंहराय फोनवर नेहमी ओरडूनच बोलत. (कोलकाता लांब, तेव्हा आवाजही तेवढा लावायला हवा, अशी त्यांची समजूत.) पण जामाईषष्ठीच्या दिवशी, वर्षातून एकदा येणाऱ्या या जावयाच्या सणाला, नवं धोतर नेसून आणि हातात मिठाईचं मडकं घेऊन कुसुमदिघीच्या जमीनदारांचा जावई मागच्या दारानं शिरणार? लग्न झाल्यापासून दर ज्येष्ठात तो दरवाजावरच्या त्या दोन सिंहांमधून आत गेला होता. एका सिंहाला नाक नव्हतं, दुसऱ्याला शेपूट नव्हतं. पण सिंह ते सिंह.

खरं दुखणं वेगळंच होतं. शेफालिका माघात गेली. मूलबाळ नव्हतं. सासूबाई तिच्याही आधी गेलेल्या. पाणीपुरवठा खात्यात त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सान्यालबाबूंनी डबा खाताखाता शांतपणे सांगून टाकलं होतं, "मुलगी गेली की जावई कसला, हाजरा? आता तू त्यांचा ओळखीचा माणूस." भवतोष तेव्हा हसला होता. पण ते बोलणं माशाच्या काट्यासारखं घशात अडकून बसलं होतं. त्यात हा फोन. ओळखीची माणसंच मागच्या दारानं येतात.

राजबाडीचा, म्हणजे सासऱ्यांच्या वाड्याचा, पुढचा भाग हिवाळ्यात एका हॉटेलवाल्यानं भाड्यानं घेतला, हे त्याला ठाऊक होतं. हॉटेल प्रत्यक्षात त्यानं पाहिलं नव्हतं. सिंहदरवाजाशी एक पाटी होती, पण तो सिंहांकडे बघत होता. (सिंहाला नवं नाक बसवलं होतं. ते जरा मोठंच झालं होतं.) तेवढ्यात लाल जाकिटातला मॅनेजर धावत आला.

"या, या, जामाईबाबू! किती हा उशीर! तुमचीच वाट बघतोय."

भवतोषला एकदम भरून आलं. आपली कुणी वाट बघतंय, हे वाक्य त्यानं माघापासून ऐकलं नव्हतं. त्यानं मिठाईचं मडकं मॅनेजरच्या हाती दिलं आणि मागोमाग निघाला.

दुर्गादालनात पाट मांडले होते. चार जावई आधीच हाणत होते. पाचवा पाट रिकामा होता.

"हे कोण?" भवतोषनं विचारलं.

"बाकीचे जावई."

सिंहरायांच्या भावकीत जावई पुष्कळ. (निदान श्राद्धाला तरी पुष्कळ असत.) भवतोष निमूटपणे बसला. लाल काठाच्या साडीतली एक बाई पुढे आली, त्याच्या कपाळाला दह्याचा टिळा लावला, ताडपत्राच्या पंख्यानं वारा घातला आणि म्हणाली, "षाट, षाट, षाट! ईडापिडा टळो. वर्षभरानं आलास रे बाळा! किती वाळलास!"

भवतोषच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. सासूबाई नाहीत म्हणून बाबांनी या बाईला उभं केलं, केवढी ही माया! त्याला रडताना पाहून पलीकडच्या जावयानं मोबाइलवर चित्रण केलं. बाई जरा बिचकली. आजवर तिच्या या वाक्यांना कुणी रडलं नव्हतं.

मग तो जेवला. बाबांनी एवढं केलंय, तर पानात टाकायचं नाही, या जिद्दीनं जेवला. मैद्याच्या पुऱ्या म्हणजे लुची, वांग्याचे काप, मोहरी लावलेला इलिश मासा (दोन तुकडे), मटण, कैरीची चटणी, दही, हिमसागर आंबे. धोतराची गाठ त्यानं हळूच सैल केली.

"आता बाबांना बोलवा," तो तृप्तपणे म्हणाला.

"कुणाचे बाबा?"

"दर्पनारायणबाबू. माझे सासरे."

बाईच्या हातातला पंखा थांबला. "तुम्ही म्हातारबाबांचे जावई? मग इथे कसे बसलात? हे तर हॉटेलचं आहे, शहरातले लोक आधी ठरवून येतात. सासू त्यांची नसली तर आमची, पाटीवर लिहिलंय तसं." तिनं आवाज खाली आणला. "ते तर मागे आहेत. सकाळपासून निरंकार. चूल पेटेना म्हणून माझ्याकडून कागद घेऊन गेले. जावई येणार म्हणाले."

भवतोष उठला. म्हणजे पोटानं उठू दिलं तसा उठला, आणि तळ्याला वळसा घालून मागच्या दाराकडे धावला.

सिंहरायांच्या घराण्यात पुरुष चुलीजवळ गेला तर फक्त विडी पेटवायला. त्याच घराण्यातले दर्पनारायण चुलीपुढे फतकल मारून धुरात बसले होते. कपाळाला काजळी, अंगठ्याला चिंधी. त्यांनी वर पाहिलं.

"आलास? मला वाटलं, येत नाहीस आता." हे ते ओरडून बोलले नाहीत.

"बस उशिरा आली, बाबा."

"आणि हात हलवत आलास?"

"मडकं बसमध्ये राहिलं."

"वाटेत काही खाल्लंस?"

"छे! पाण्याचा थेंब नाही." (यावर आलेला ढेकर त्यानं खोकल्यात घातला.)

"बस मग. कपाळाला काय लागलंय तुझ्या?"

"चुना असेल. बसला रंग देत होते."

चालत्या बसला रंग कसा देतात, हे म्हाताऱ्यानं विचारलं नाही. ते जावयाच्या मनगटाला बांधायचा पिवळा धागा शोधत होते. "कुठल्या हाताला बांधायचा?"

"आई उजव्या हाताला बांधायच्या."

धाग्याची गाठ काही बसेना. शेवटी जावयानं एक टोक दातात धरलं, सासऱ्यांनी दुसरं ओढलं, तेव्हा कुठे ती बसली. मग पंखा. "षाट!" म्हणत त्यांनी असा काही वारा घातला की चुलीतली राख भातावर आली. दुसऱ्या "षाट"ला ती डाळीवर आली. तिसरा त्यांच्या तोंडून निघालाच नाही.

"हे पुरुषानं करायचं नसतं," ते म्हणाले. "सकाळी पुरोहित ओरडून गेला. मी म्हटलं, बाई कुठून आणू? एक गेली, मग दुसरी गेली. आता मीच उरलोय."

भवतोषनं पान पुढे ओढलं. भात खाली करपलेला, मध्ये कच्चा होता. डाळीचा पत्ता वाटीच्या तळाशी लागत होता. तळ्यातला रुई मासा त्यांनी स्वतः गळ टाकून पकडला होता, आणि खवले काढायचे असतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीठ पडलं होतं ते समुद्रच जाणे. भवतोषच्या पोटात मोहरी ठेवायला जागा नव्हती. तरी तो खात राहिला.

"कसं झालंय?"

"थोडा भात वाढा, बाबा."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यांनी थोडा म्हणता म्हणता डोंगर वाढला. वाढतावाढता म्हणाले, "पोर गेल्यापासून मला बाबा म्हणणारं कुणी नाही. गावात सगळे म्हातारबाबा म्हणतात, ते वेगळं. वाटायचं, तू तरी कशाला येशील?"

"मग मागच्या दारानं ये असं का सांगितलंत?"

"पुढच्या दारानं ये म्हणायला पुढचं दार माझं राहिलंय कुठे, भवतोष?"

भवतोष मान खाली घालून जेवू लागला. त्याचे डोळे वाहत होते. "तिखट आहे जरा," तो म्हणाला. माशात मिरची घालायची तेवढी राहिली होती.

एवढ्यात दारात माणसं उभी राहिली. पुढे मॅनेजर, मागे जेवून तृप्त झालेली शहरी मंडळी. "आणि या मागच्या बाजूला मूळ घराणं अजूनही..." मॅनेजरची जीभ अडखळली, कारण काळा चष्मा लावलेल्या एक बाई त्याला ढकलून पुढे आल्या होत्या. त्यांच्यामागे एक उपाशी चेहऱ्याचा तरुण होता.

"कपाळाला दह्याचा टिळा, हाच ना तो? आमची गाडी वाटेत पंक्चर झाली, तेवढ्यात माझ्या जावयाच्या पाटावर बसून जेवून गेला! आणि आता इथेही जेवतोय!"

"इलिशचे शेवटचे दोन तुकडे यांनीच घेतले," मॅनेजर म्हणाला.

भवतोषच्या तोंडात घास होता. तो गिळता येईना आणि थुंकताही येईना. दर्पनारायण भिंतीला धरून उठले.

"समोर जेवलास?"

"बाबा, मला वाटलं, तुम्हीच..."

म्हाताऱ्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा जवळजवळ रिकाम्या झालेल्या पानाकडे पाहिलं. मग मंडळींकडे वळून त्यांनी फोनवरचा आवाज लावला.

"हा माझा जावई आहे! सिंहरायांचा जावई दोन ठिकाणी जेवेल, नाहीतर चार ठिकाणी जेवेल! घर माझ्या आजोबांनी बांधलंय! तुमच्या जावयाला भूक लागली असेल तर बसवा त्यालाही, भात उरलाय!"

त्या तरुणानं पातेल्यात डोकावून पाहिलं आणि तो सर्वांत आधी निघून गेला. बाकीचेही हळूहळू पांगले.

भवतोष मात्र पाटावर तसाच बसून राहिला. त्याला त्या आरड्याओरड्यातला एकच शब्द ऐकू आला होता. बाबा 'होता' म्हणाले नव्हते, 'आहे' म्हणाले होते. शेफालिका असती तर तिला हे लगेच सांगता आलं असतं, असं वाटून त्याला फार एकटं वाटलं, आणि तरीही माघापासून पहिल्यांदाच बरंही वाटलं. त्यानं तोंडातला घास गिळला आणि पान पुसून स्वच्छ केलं.

"जावयाचं झालं की उपास सोडायचा असतो," दर्पनारायण म्हणाले. त्यांनी स्वतःला भात घेतला, माशाचा तुकडा घेतला, पहिला घास तोंडात घातला. दोनदा चावला आणि थांबले.

"हे तू सगळं खाल्लंस?"

"हो, बाबा."

"समोर जेवून आल्यावर?"

"हो."

 म्हाताऱ्यानं पान हळूच बाजूला सारलं.

"लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा शेफाली मला म्हणाली होती, बाबा, माणूस फार चांगला आहे, पण जरा खुळा आहे. तेव्हा मी तिला फार रागावलो होतो." त्यांनी चिंधी बांधलेल्या अंगठ्यानं डोळे पुसले. "उगाच रागावलो पोरीला."