कोणीच पडणार नाही असा पलंग

बजेट कसं करतात हे ज्यांना शिकायचं असेल त्यांनी खुशाल समुद्रपूरला माझ्याकडे यावं. मी एम.कॉम. आहे. आमच्या घरात बाकी सगळे अंदाजाने जगतात. किराणा अंदाजाने, फवारणी अंदाजाने, पाहुण्यांचा स्वयंपाक तर इतका अंदाजाने की वरणात पाणी वाढवायला एक माणूस कायम गॅसपाशी उभा! अशा घरात मी पलंगाचं बजेट केलं. लेखी! आणि पेन्सिलने नाही, पेनाने!

कारण होतं आमचा श्रावण. वय सव्वा वर्ष. दुपारी त्याला दिवाणावर झोपवून मी स्वयंपाकघरात गेले की हा उठायचा, मी दिसले नाही की सरळ माझ्या दिशेने निघायचा. दिवाण संपला तरी निघायचा! दोनदा डोक्यावर आपटला. पहिल्यांदा कपाळावर बोराएवढं टेंगूळ आलं, दुसऱ्यांदा लिंबाएवढं. तिसऱ्यांदा कोणतं फळ धरणार या धास्तीने माझी झोप उडाली. फोडणी घातली की खोलीत डोकाव, मीठ टाकलं की डोकाव. पोरगा सुखरूप, भाजीचा कोळसा!

घरच्यांना मात्र त्याचं काही म्हणजे काही नाही.

"पोट्टं पडते न् वाढते," सासूबाई म्हणाल्या. "योगेंद्र तं लहानपणी गोठ्याच्या माळ्यावरून पडला होता."

"दिसतं ते," मी म्हटलं. मनात. सुशिक्षित माणसं असं मनातच म्हणतात.

योगेंद्र म्हणजे माझे यजमान. जाम गावच्या चौकात त्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे. एका एकराला किती बियाणं लागतं ते झोपेत सांगतील, पण एका बाळाला किती पलंग लागतो ते मलाच काढावं लागलं. हिशेब सोपा होता. मधोमध झोपवलेलं मूल उठून कडेला पोचेपर्यंत मी स्वयंपाकघरातून धावत आले पाहिजे. मी धावून पाहिलं. श्रावणला रांगवून पाहिलं. उत्तर आलं, रुंदी आठ फूट, लांबी सात!

"आठ फूट?" योगेंद्रनी विचारलं. "अंगणवाडी उघडून राह्यली का?"

"तुम्हीही त्याच्यावरच झोपणार आहात."

"मंग दोन बैलंही बांधून टाकू. जागा वाया काऊन घालवाची?"

मी दुर्लक्ष केलं. लाकूड फुकट, कारण सागाच्या फळ्या वर्षानुवर्षं गोठ्यात पडून. सुताराची मजुरी. मापाप्रमाणे बनवून घरपोच येणारी ऑनलाइन गादी. ओल न लागणारं कापड. एवढ्या मापाची चादर जगात कोणी विणत नाही, म्हणून दोन-दोन चादरी जोडायची शिलाई. मच्छरदाणी. सगळा संच चाळीस हजारात, आणि वर साठ रुपये शिल्लक! ते साठ रुपये मी तांबड्या पेनाने लिहिले होते, कौतुकाने.

तानबा सुतार आला, खोली पाहिली, दार पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, इतला मोठा पलंग दारातून जात नसते. आतच ठोकतो." दोन दिवस आमच्या झोपायच्या खोलीत ठोकाठोक चालली. तोवर सगळं बजेटमध्ये होतं. मग सासूबाई एक तुरीचं पोतं ओढत घेऊन आल्या आणि त्यांनी ते तानबासमोर उभं केलं.

"हे उभं राह्यलं पाह्यजे पलंगाखाली."

"आई, उभं?" मी किंचाळले. "तीन फूट उंच होईल पलंग!"

"मंग? आडवे ठेवले तं मावते किती?"

"अहो, पोरगं पडू नये म्हणून पलंग करतोय आपण!"

"तं पडू नको देऊ! तूर भिजली तं कोण भरून देते?"

मी आशेने यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी पंख्याकडे पाहिलं. "उंचावर हवा बरी लागन," ते म्हणाले. लागणारच! पलंगावर उभं राहिलं की पंख्याची पाती कानापाशी. कटिंगचे पैसेही वाचणार!

असा तो पलंग झाला. तीन फूट उंच, आठ फूट रुंद. लग्नाचं स्टेज म्हणून भाड्याने गेला असता. वर गादी दहा इंचाची. म्हणजे जुन्या दिवाणावरून श्रावण जेवढा पडायचा त्याच्या दुपटीहून जास्त उंचीवर मी त्याला झोपवणार होते. आता सगळी भिस्त त्या रुंदीवर!

गादी आली ती खोक्यातून. हवा काढून, दाबून, कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीसारखी गुंडाळी करून, वर जाड प्लास्टिकचं कवच. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की गादी जिथे ठेवायची तिथेच नेऊन उघडावी, एकदा उघडली की फुगते आणि परत गुंडाळता येत नाही. हे मी सगळ्यांना वाचून दाखवलं. मोठ्याने. परत एकदा वाचून दाखवलं.

"हाव न," योगेंद्र म्हणाले.

"समजलं बाप्पा," सासूबाई म्हणाल्या.

मामाजी, म्हणजे माझे सासरे प्रभाकरराव, बैठकीत खुर्चीवर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. याला आमच्याकडे होकार म्हणतात.

गादी बैठकीत ठेवली आणि मी श्रावणला निजवायला आतल्या खोलीत गेले. खाली कोपऱ्यात गोधडी अंथरून झोपवला. पलंगाखाली सरकवायची तुरीची पोती अजून पलंगाला टेकून पडली होती, काही एकेकटी आडवी, काही एकावर एक. पोरगा गाढ झोपला. मी घराच्या मागच्या दाराने अंगणात वाळलेले कपडे काढायला गेले. कपडे काढायला असा कितीसा वेळ लागतो?

परत आले तर बैठकीत उदबत्तीचा वास. सासूबाई पाटावर बसलेल्या, एका हातात कुंकवाची कोयरी, दुसऱ्या हातात विळा.

"आई! हे काय?"

"पूजा. नवी वस्तू घरात आली, हळद-कुंकू नको?"

"पण प्लास्टिक का कापलं?"

"मंग का पोलिथिनले कुंकू लावू? पोलिथिनवर झोपणार हाय का तू?"

एवढ्यात गादीने एक दीर्घ सुस्कारा सोडला. आधी एक कोपरा उठला. मग दुसरा. मग लग्नात रुसलेला जावई फुगत जावा तशी ती फुगतच गेली! टीपॉय भिंतीला लागला. चपलांचा स्टँड आडवा झाला. मामाजींनी आधी पाय वर घेतले, मग खुर्ची सोडली, आणि जायला जागाच उरली नाही तेव्हा ते गादीवरच जाऊन बसले. दोनदा हलून पाहिलं.

"मस्त हाये बावा!" ते म्हणाले आणि पेपर पुढे वाचू लागले.

शेजारच्या मुकेशभाऊंना बोलावलं. त्यांचं किराणा दुकान आहे आणि पोती बांधायचा दांडगा अनुभव आहे, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं. यजमान आणि मुकेशभाऊ गादीवर आडवे पडून, गुडघे रोवून, तिला गुंडाळू लागले. मामाजी उठायला तयार नव्हते, त्यांना पेपरसकट बाजूला केलं. सासूबाईंनी बैलाचा कासरा आणला. तीन वेढे दिले. ओझ्याखाली बैल हंबरावा तशी यजमानांच्या तोंडून आवाज निघत होते.

"आता दारातून ढकला!" मुकेशभाऊ ओरडले. "एक... दोन..."

तीन म्हणायच्या आत गुंडाळी अर्धी दारात गेली आणि कासऱ्याची गाठ सुटली. ही गाठ अनुभवी माणसाने मारली होती, हे लक्षात घ्यावं! भस्सकन गादी पसरली आणि बाटलीला बूच बसावं तशी झोपायच्या खोलीच्या दारात गच्च बसली. ना आत, ना बाहेर. वर वीतभर फट तेवढी उरली.

क्षणभर सगळे कौतुकाने बघत राहिले. मग पलीकडून आवाज आला.

"आss!"

मी गादीवर जाऊन आदळले. "श्रावण आत आहे!"

"आत? आत काऊन?" योगेंद्र.

"झोपायच्या खोलीत झोपला होता! कुठे झोपायला हवा होता, गच्चीवर?"

"म्या म्हनलं होतं, पोट्ट्याले माह्यापाशी दे," सासूबाई.

"कधी म्हणालात?"

"मनात म्हनलं होतं!"

म्हणजे ही सवय त्यांनाही होती. दोघे पुरुष गादीला लोंबकळले. ती ताणली गेली आणि त्यांना घेऊन परत जागेवर आली. मुकेशभाऊ म्हणाले, "सुरी आणा, कापून टाकू." मी धावत सुरी आणली. तर यजमान गादीसमोर हात पसरून उभे! "अवं, आजच आली ते!" आणि सासूबाई त्यांच्या पुढे. "पूजा केल्यावर लोखंड लावत नसते!" विळ्याने कापून पूजा करणारी बाई मला हे सांगत होती!

यांच्याशी वाद घालण्यात पोरगं मोठं होऊन बोहल्यावर चढलं असतं. मी बाहेरून खिडकीकडे पळाले. खिडकीत कूलर. आमच्याकडे उन्हाळ्यात खिडकीला गज नसतात, कूलर असतो. नुकताच काठोकाठ भरलेला.

"थांबा वहिनी, पाणी काढून घेऊ," मुकेशभाऊ म्हणेपर्यंत मी ओढला. पाणी सगळ्यांनी थोडं थोडं वाटून घेतलं. जास्त वाटा मुकेशभाऊंना गेला.

खिडकीतून डोकं घातलं आणि पाहते तर काय! श्रावण पलंगावर होता! एका आडव्या पोत्यावरून दुसऱ्यावर, तिथून फळ्यांवर. तीन फूट उंच, कडेला, तोंड माझ्याकडे. मला पाहून हसला आणि नेहमीसारखा सरळ माझ्या दिशेने निघाला.

ओरडावं तर दचकून पडेल. गप्प राहावं तर पडेल. मी खिडकीत अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि मागून सासूबाई विचारतायत, "दिसला का? का करून राह्यला?" मी मागच्या मागे हात हलवून त्यांना गप्प केलं.

कडा आली. पोरगा थांबला. खाली वाकून पाहिलं. कपाळावर हात लावला. आणि मग, तुम्हाला सांगते, तो वळला! माझ्याकडे पाठ केली, पोटावर आडवा झाला, एक पाय खाली सोडला, अंगठ्याने पोतं चाचपलं, दुसरा पाय सोडला, सर्रकन पोत्यावर, तिथून खालच्या पोत्यावर, तिथून फरशीवर. उभं राहून स्वतःच टाळ्या वाजवल्या. आणि पुन्हा वर चढायला लागला!

कोणी शिकवलं? कोणीच नाही. कडा आली की वळायचं, एवढी अक्कल असलेला आमच्या घरातला तो एकमेव माणूस!

मी खिडकीतून आत पडले. हो, पडलेच, मी काही पाय आधी सोडले नव्हते. पोराला छातीशी धरलं तर तो हातपाय झाडायला लागला, त्याला परत चढायचं होतं. मग मी आतून आणि बाकीच्यांनी बाहेरून जोर लावला. नंतर कळलं की तेही ढकलतच होते! "ओढा!" असं मी घसा फोडून सांगितल्यावर गादी पुटकन बैठकीत जाऊन पडली.

"पाह्यलं?" सासूबाई भिजलेला पदर पिळत म्हणाल्या. "पोत्यानं वाचवलं पोट्ट्याले. पोते कोनाचे?"

योगेंद्र हळूच म्हणाले, "तसं पाह्यलं तं आता उतराले येते त्याले. गादी वापस करून टाकू का?"

आम्ही सगळ्यांनी गादीकडे पाहिलं. मधोमध हाताएवढं कुंकवाचं स्वस्तिक होतं. ओल्या कपड्यांनी मुकेशभाऊ त्याच्यावरच बसले होते.

परत घेत नाहीत. विचारून पाहिलं.

तेव्हापासून पलंग आत आहे आणि गादी बाहेर. तिला दारातून न्यायचा विषय काढला की सगळ्यांना एकदम कामं आठवतात. यजमान उघड्या फळ्यांवर झोपतात आणि पाठीला चांगलं असतं म्हणून सांगत कुबड काढून दुकानात जातात. मी आणि श्रावण खाली गोधडीवर. तो आता खुर्चीवरून, ओट्यावरून, गिरडच्या टेकडीच्या पायऱ्यांवरूनसुद्धा वळून, पाय आधी सोडून उतरतो. टेंगूळ नाही. भाजी करपत नाही. मला झोप लागते, खरं सांगायचं तर घोरतेही म्हणे.

बैठकीतल्या गादीवर मामाजी झोपतात. आठ बाय सातच्या त्या मैदानात एकटे. परवा दुपारी धप्पकन आवाज आला. धावत गेले. मामाजी खाली फरशीवर, पेपर वर गादीवर!

लागलं नव्हतं. दहाच तर इंच. कंबर चोळत ते उठले, थोडा वेळ गादीच्या कडेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सुरभी बेटा, बाजूनं एखादी उशी लावता येईन का?"

मी लावून दिली. त्यानंतर ते पडले नाहीत.