तीस दिवस विनातक्रार

नगरपालिकेने चौकात सिग्नल बसवला आणि त्याची देखभाल शहादेव या रोजंदारीवरच्या वायरमनवर सोपवली. अकरा वर्षं खांबांवर काढलेल्या शहादेवला नगरपालिकेतल्या मोहनराव साहेबांनी लेखी दिलं: सिग्नल तीस दिवस विनातक्रार चालल्यास नोकरीत कायम करण्यात येईल.

दुसऱ्याच दिवशी भाऊंचा वाढदिवस आला. भाऊ म्हणजे गावाचं नेतृत्व. सिग्नलवर वीस फुटी बॅनर चढला, तिन्ही दिवे भाऊंच्या हसऱ्या चेहऱ्यामागे गेले आणि त्यांचे दात मधूनमधून हिरवे दिसू लागले.

शहादेव धावत कार्यालयात गेला. "साहेब, सिग्नल दिसंना. बॅनर काढू का?"

"काढ की. आन् माझी बदली कुठं हुईल तेबी इचारून ये."

"मंग लोकायला कसं कळावं, थांबायचं का जायचं?"

"आदेशात सिग्नल चालावा असं हाय. दिसावा असं कुठं हाय? दिवे लागतेत का?"

"लागतेत."

"तक्रार?"

"एकबी न्हाई."

"मग कावून रडतो?"

शहादेवला पटलं. रोज शिडी लावून तो बॅनरमागे शिरायचा, लेकराचं तोंड पुसावं तसे दिवे पुसायचा आणि वहीत 'सुस्थितीत' लिहायचा. खाली मांजरसुंब्याकडून येणारे ट्रक उसाच्या ट्रॅक्टरांत अडकत होते. एका फटफटीने छबुबाईची पेरूंची पाटी आडवी केली. लोकांनी एकमेकांच्या आयमाईचा उद्धार केला. सिग्नलबद्दल अवाक्षर नाही.

"तुझा सिग्नल लई गुणाचा हाय रं," पेरू वेचता वेचता छबुबाई म्हणाली. "कुणाच्या आध्यात न्हाई का मध्यात न्हाई."

एकदा बॅनरची दोरी तुटली, तेव्हा शहादेवने बायकोची कपडे वाळवायची दोरी सोडून आणली आणि भाऊंना स्वतःच्या हाताने पुन्हा घट्ट बांधलं.

तिसाव्या दिवशी सकाळी भाऊंनी पक्ष बदलला. बॅनरवर जुनं चिन्ह होतं, म्हणून त्यांच्याच कार्यकर्त्यांनी तो दहा मिनिटांत उतरवला.

सिग्नल उघडा पडला. लाल लागला होता. वाहनं थांबली, आणि महिन्यात पहिल्यांदा एक म्हातारी काठी टेकत, कुणाला शिव्या न देता रस्ता ओलांडून गेली. शहादेवचे डोळे भरून आले.

चाळिसाव्या सेकंदाला कार्यालयातला फोन वाजला: चौकात सुशिक्षित नागरिकांना विनाकारण अडवून ठेवलं आहे!

मोहनरावांनी तक्रार नोंदवली आणि शहादेवचे तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. तक्रारदाराचं नाव मात्र नियमानुसार गुप्त ठेवलं जातं. तेव्हा तुम्ही काळजी करू नका.