हातांवर बसणारा कुंभोजकर

निखिल कुंभोजकर आमच्या सोफ्यावर बसतो तो स्वतःच्या दोन्ही हातांवर. तळवे मांडीखाली घट्ट दाबून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, पोराला थंडी वाजतेय. कोलकात्यात, मे महिन्यात. तरी मी पंखा बारीक केला. यांनी तो पुन्हा मोठा केला, तेव्हा निखिल घाम पुसत म्हणाला, "तसं नाही काकू. हात मोकळे ठेवले की ते बोट दाखवतात."

कुणाला दाखवतात, काय दाखवतात, मला काही उमगलं नाही. त्याच्या बाबतीत मला फारसं कधी उमगतच नाही, हे आधीच सांगून टाकते.

यांची बँकेची नोकरी. बदली झाली आणि आम्ही इकडे आलो. निखिल मूळचा सांगलीकडचा, आमच्या वरच्या मजल्यावर एकटा राहतो आणि वेबसाइट बनवतो. एका कंपनीसाठी तो तेव्हा गंगेतल्या लाँचची तिकिटं काढायचं पान बनवत होता. जिन्यात मराठी ऐकू आलं म्हणून मी त्याला चहाला बोलावलं, तर पठ्ठ्या दर रविवारी लॅपटॉप घेऊन यायला लागला. "काकू, बराकपूरचं तिकीट काढा. मी काही सांगणार नाही."

आणि खरंच सांगत नाही हो. मी चष्मा लावून शोधतेय. गाव टाकलं की तारीख पुसली जातेय, तारीख टाकली की गाव मागतंय. एकदा तर बराकपूरला जायच्याऐवजी मी तिकडून परत यायचंच तिकीट काढून बसले. आणि हा आपला हातांवर बसून माझ्याकडे टक लावून बघतोय. "अरे, सांग ना मेल्या," मी वैतागून म्हणायचे. तो शांतपणे म्हणायचा, "चूक तुमची नाही, काकू. चूक माझी."

हे त्याचं पालुपद. आमच्या घरात हे वाक्य लग्नापासून कुणी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे मला ते सुरुवातीला फार गोड वाटलं. मग कळलं की तो सगळ्यांनाच असं म्हणतो. मासळीवाल्याने कातला म्हणून रोहू दिला, तरी हा म्हणणार, चूक माझी, मीच नीट विचारलं नाही. खालच्या काचेच्या दाराला मूठ अशी आहे की कुणालाही ओढावंसं वाटतं, आणि दार उघडतं ढकलून. तिथे कुणी अडलं की हा सॉरी म्हणतो, दार जणू यानेच बसवलंय. एका शनिवारी तर तो लिफ्टमधून नुसता खालीवर करत होता, कोण कुठलं बटण चुकीचं दाबतं ते बघत. वॉचमन घाबरून माझ्याकडे आला. "भाभीजी, आपके मराठी बाबू ठीक तो हैं ना?"

मी काय सांगणार? मलाच कुठे ठाऊक होतं?

एकदा मी त्याला समजावून बघितलं. जन्मभर शाळेत शिकवलंय, सवय जात नाही. म्हटलं, "अरे, लोकांना एकदा नीट शिकवून टाक, म्हणजे चुकणार नाहीत." तो दचकलाच. "नाही काकू. माणसाला शिकावं लागलं म्हणजे आम्ही पान बनवणारे हरलो." माझं डोकं भणभणलं. ह्या हिशेबाने माझी सगळी नोकरी म्हणजे कुणाची तरी हार झाली. यांनी पेपरामागून शेरा मारला, "तू चुकतेस म्हणून त्याला पगार मिळतो. मी इतकी वर्षं फुकट सहन केलं."

तिकिटाचा खेळ संपला की मी थालीपीठ टाकायचे. मग त्याचे हात सुटायचे आणि तोंडही. आठवडाभराचं मराठी तो त्या तासाभरात बोलून घ्यायचा. ऑफिसातली माणसं म्हणजे स्क्रीनवरची नावं, त्यांच्याशी इंग्रजी. बाजारात हिंदी. "थालीपीठ हा शब्द मी फक्त रविवारी बोलतो, काकू," असं म्हणून तो आणखी एक मागायचा.

आणि एका रविवारी घात झाला. मी बसले, बराकपूर टाकलं, तारीख टाकली, खाली उजवीकडचं हिरवं बटण दाबलं आणि तिकीट निघालं. एका दमात. मला वाटलं हा टाळ्या वाजवेल. त्याने मांडीखालचे हात काढले आणि त्यांच्याकडेच बघत बसला.

"आता तुम्हाला येतं," तो म्हणाला.

"मग?"

"मग झालं. ज्याला येतं त्याच्याकडून आम्हाला काही कळत नाही."

आणि लॅपटॉप उचलून थालीपीठ न खाता गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हुशार ठरले म्हणून नोकरीवरून काढलेली मी पहिलीच बाई असेन. मळलेली भाजणी यांनी तीन दिवस खाल्ली आणि चक्क बडबड केली नाही, म्हणजे यांनाही चैन पडत नव्हतं.

जिन्यात तो दिसला, हातात पावाचं पाकीट. मी खडसावलंच, "येत का नाहीस रे?"

"काम नव्हतं काकू. उगाच कसं यायचं?"

थालीपीठ खायला ह्याला काम लागतं, आणि ते काम मीच घालवून बसले होते.

रविवारी सकाळी मी फोन केला आणि बेधडक खोटं बोलले. "निखिल, ते तिकीट मला काही जमेना बघ. सगळं विसरले." फोन ठेवतेय तोवर दारात हजर, पायात दोन वेगळ्या चपला. हातांवर बसला. मी ठरवून ठेवलं होतं, तारीख चुकवायची, मग गाव चुकवायचं. पान उघडलं, तर हिरवं बटण जागेवर नाही. तारीख भलतीकडे. खरंच काही सुधरेना.

"कंपनीने बदललं का रे?"

"नाही. त्यांचं तसंच आहे. हे फक्त ह्या लॅपटॉपवर."

"मग हे कुणी हलवलं?"

"मी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गेल्या रविवारी. घरी बसून होतो."

यांनी पेपर खाली घेतला. बटण मला तेवढ्यात दिसलं, वर डाव्या कोपऱ्यात, चांगलं ठसठशीत.

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि खालच्या बाजूला शोधत बसले.